बाटली किती वेळ ठेवली होती?

संपादकांचा फोन आला तेव्हा मी चिकू सोलत बसले होते. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत. प्रयोगशाळेत एखादा स्फोट झालाच असेल, तोच लिहा," म्हणाले. स्फोट झाला, नाही असं नाही. पण तो ताडीचा होता आणि त्यात कोणाला खरचटलंसुद्धा नाही. फक्त माझ्या डोक्यातलं एक सरळसोट गणित त्या दिवशी विस्कटलं, ते अजून जागेवर आलेलं नाही. निवृत्त शिक्षकांनी दिवाळी अंकात शहाणपणाच्या चार गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. माझ्याकडे गोष्टी आहेत, शहाणपणाचं वाचकांनी आपापलं बघावं.

मी राहायला डहाणूला आणि नोकरीला तलासरीला, अकरावी-बारावीच्या सायन्सच्या वर्गांवर. सकाळची एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर शेअरची जीप, आणि जीपमध्ये मी कायम ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याशी. आमच्याकडे वाडी, चिकूची झाडं, त्यामुळे घरातल्यांना वाटायचं की हिला नोकरीची गरज काय. सासरे तर शेवटपर्यंत विचारत राहिले, "त्या गॅसच्या गणितानं आपल्या चिकूला काय फायदा, ते एकदा सांग." मी एकदाही सांगू शकले नाही. ते सज्जन होते, त्यांनी विचारणं सोडलं नाही आणि मी जाणं सोडलं नाही.

ज्यांचा या विषयाशी संबंध दहावीनंतर सुटला त्यांच्यासाठी थोडं सांगते. कुठल्याही गॅसबद्दल चार गोष्टी विचारता येतात. तो किती जागेत आहे, किती दाबाखाली आहे, किती गरम आहे आणि मुळात आहे किती. यातल्या कुठल्याही तीन सांगा, चौथी मी काढून देते, असं एक सूत्र सांगतं. पीव्ही इज इक्वल टू एनआरटी. पी म्हणजे दाब, व्ही म्हणजे जागा, टी म्हणजे तापमान, आणि एन म्हणजे गॅस किती आहे तो. राहिला आर. ही कायमची ठरलेली संख्या. पण लिटर आणि वातावरणाच्या दाबात गणित असलं की ती एक असते आणि ज्यूलमध्ये असलं की दुसरीच. कायमची ठरलेली आहे तर दोन कशा, असं दर वर्षी कोणीतरी विचारायचंच. "घरी बबडी आणि शाळेत वैशाली, तसं," असं सांगून मी पुढे जायचे. निम्म्या वर्गाचं समाधान व्हायचं, उरलेला निम्मा वर्ग बबडी कोण ते शोधायचा.

तापमानाचंही एक लफडं आहे. आपलं रोजचं सेल्सिअस इथं चालत नाही, त्यात दोनशे त्र्याहत्तर मिळवून केल्व्हिन करावं लागतं. मुलं हटकून विसरतात. वाणगावच्या एका मुलानं तापमान उणे घेतलं, आणि त्याचं उत्तर आलं उणे तीन लिटर. मी म्हटलं, "अरे, उणे तीन लिटर गॅस म्हणजे काय?" त्यानं शांतपणे विचार केला आणि म्हणाला, "आत खेचला गेला असेल, मॅडम." उत्तर चुकलं की माणूस कसा ठाम होतो ते मी या धंद्यात शिकले.

आता यातली सगळ्यात गमतीची बाब. हे सूत्र तंतोतंत पाळणारा गॅस जगात कुठेही नाही. तसा गॅस आपण मनानं कल्पिलेला असतो, त्याला म्हणायचं आदर्श वायू. त्याच्या कणांना जागा लागत नाही, ते एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. असा वायू नसतो हे मी धड्याच्या पहिल्या दिवशी सांगायचे आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर गणितं घालायचे. कोणी हरकत घेतली नाही. खरे गॅस साधारण तसेच वागतात, गणित बऱ्यापैकी जुळतं, मार्क मिळतात. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, जयवंती वर्गात येईपर्यंत.

जयवंती सायवनच्या पुढच्या एका पाड्यावरची. दहावीपर्यंत आश्रमशाळेत, मराठीतून. अकरावीला सायन्स घेतलं आणि तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला आली. तिला नर्स व्हायचं होतं. पाड्यावर बाळंतपणाला येणाऱ्या सिस्टरबाईंच्या मागे मागे ती लहानपणी फिरायची, म्हणून. पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे पहिले काही महिने तिनं तोंड उघडलं नाही. वर्गात तिसऱ्या बाकावर, दोन्ही हातांनी बाकाची कड धरून बसायची. तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. "माझं नाव ठेवा, पण आडनाव नको," म्हणाली.

धड्यातलं अगदी साधं गणित होतं. बंद भांड्यात गॅस आहे. तापमान सत्तावीस अंश. ते एकशे सत्तावीस केलं, तर दाब किती होईल? केल्व्हिन केलं की तीनशेचे चारशे होतात, म्हणजे दाब पहिल्याच्या सव्वापट आणि थोडा वर. सूत्रात घाला, उत्तर काढा, खाली रेघ मारा. मी फळ्यावर गणित लिहिलं आणि विचारलं, "काही शंका?" ही आमची बोलण्याची पद्धत. पुढचं पान उलटण्याआधी घेतलेला श्वास, एवढाच त्याचा अर्थ.

जयवंती उभी राहिली. "मॅडम, किती वेळ ठेवलं होतं?"

"काय?"

"भांडं. किती वेळ ठेवलं होतं ते दिलेलं नाही."

मी सांगितलं की वेळेचा इथं संबंध नाही, सूत्रात बघ, चारच अक्षरं आणि एक आर, वेळ कुठंय? तिनं सूत्राकडं बघितलं, खाली बसली. दुसऱ्या दिवशी तसलंच गणित आलं आणि ती पुन्हा उभी राहिली. "मॅडम, हे किती वेळ?" या वेळी मागच्या बाकावरच्या दोन-तीन माना हलल्या, हो, तेच आम्हालाही विचारायचं होतं अशा. मी जराशी वैतागले. "भांडं बंद आहे जयवंती. बंद. बाहेर काही जात नाही, आत काही येत नाही. मग कितीही वेळ ठेव."

"बंद आहे म्हणून तर विचारते, मॅडम. उघडं असतं तर नसतं विचारलं."

एसटीत बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तोही माझ्या हुशारीनं नाही. उधवा फाट्याला एक बाई पिशवी घेऊन चढली आणि कंडक्टर तिकिटाआधी म्हणाला, "बूच सैल आहे ना?" बाई म्हणाली, "हो, हो, सैल आहे."

ताडी. आमच्या भागात ताडाची आणि शिंदीची झाडं दाराशी असतात. सकाळी उतरवलेली ताडी गोड लागते, ऊन चढेल तशी ती आंबते. आंबते तसा तिच्यातून गॅस निघत राहतो. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ती भरून कोणी पाहुण्यांकडे नेतं, कोणी बाजारात. बूच घट्ट लावलं की बाटली फुगते, बूड बाहेर येतं, उभी राहत नाही, आणि उन्हात राहिली तर पिशवीतच फुटते. म्हणून बूच सैल ठेवायचं, आणि लांबचा प्रवास असला तर मधेमधे फुस्स करून घ्यायचं. हे इथल्या पोराला अआइईच्या आधी कळतं. बंद बाटलीत दाब किती, असं त्या पोराला विचारलंत तर ते पहिलं काय विचारेल? किती वेळ ठेवली होती, हेच विचारेल.

म्हणजे पुस्तकातला एन, गॅस किती आहे तो, या पोरांच्या दृष्टीनं जागच्या जागी राहणं शक्यच नव्हतं. आम्ही 'बंद भांडं' म्हणतो तेव्हा आमच्या मनात असतं की गॅस जेवढा आहे तेवढाच राहील. जयवंती 'बंद भांडं' ऐकायची तेव्हा तिच्या मनात यायचं की आता आत गॅस वाढत जाणार. शब्द एक, आणि तिची नि माझी बाटली वेगळी. एवढं कळल्यावर मी खूश झाले. रोग कळला, आता औषध सोपं, असं वाटलं.

औषध असं केलं. आमचे प्रयोगशाळा परिचर दामूभाऊ, वयानं माझ्याएवढेच, त्यांच्या दारात चार ताड. त्यांना म्हटलं, उद्या सकाळी एक बाटली ताडी आणा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच लाजले. "प्रयोगाला," मी म्हटलं. "हां, प्रयोगालाच," म्हणाले, आणि दोन बाटल्या घेऊन आले. एक फुटली तर, म्हणून.

खिडकीत उन्हात दोन बाटल्या ठेवल्या. एका बाटलीत नुसती हवा, दुसरीत ताडी अर्धी भरून. दोन्हींच्या तोंडावर फुगे चढवले. फुगे तर डहाणूच्या कारखान्यांतलेच, त्यांना तोटा नाही. वर्ग भोवती उभा केला. मला दाखवायचं होतं की हवेचा फुगा उन्हानं जेवढा उभा राहायचा तेवढा राहील आणि थांबेल, ताडीचा मात्र वाढतच जाईल. थांबतो ती आपल्या सूत्राची बाटली, वाढत जातो ती आपली नव्हे, कारण तिथं एन बदलतोय. कल्पना चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते.

हवेच्या बाटलीवरचा फुगा थोडा मान वर करून राहिला, आणि नंतर तासभर कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. ताडीचा फुगा गोल झाला, मोठा झाला, पोरं मोजमापं घ्यायला लागली, कुणीतरी आपल्या आजोबांच्या बाटलीची हकीकत सांगायला लागलं. वर्गात इतका जीव मी कधी पाहिला नव्हता. मग फुगा सुटला, भुर्रकन छताला जाऊन आला, आणि फेस उसळून टेबलभर झाला. नेमके त्याच वेळी प्राचार्य व्हरांड्यातून चालले होते. ते देशावरचे, बदली होऊन नुकतेच आलेले. दारात थांबले, वास घेतला.

"मॅडम, वर्गात ताडी?"

"आदर्श वायू शिकवतेय, सर," मी म्हटलं. याहून वाईट उत्तर मला सुचलं नसतं.

दामूभाऊंनी तोंडावरची माशी हलू न देता जादा आणलेली ताडीची बाटली उचलली. "वाया जायला नको सर, मी विल्हेवाट लावतो," म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा दिसले नाहीत.

यानंतर खरा घोटाळा झाला. पुढच्याच आठवड्यात चाचणी होती. तेच साधं गणित मी घातलं, सत्तावीस अंश, एकशे सत्तावीस अंश. पेपर तपासायला घेतले तर निम्म्या वर्गानं लिहिलं होतं, 'वेळ दिलेला नाही.' प्रयोगाआधी ही शंका जयवंतीची आणि मागच्या दोघा-तिघांची होती. मी ती सगळ्या वर्गाला वाटली होती. वर्गात विचारलं, "तुम्ही बघितलंत ना, हवेची बाटली कशी थांबली?" एक मुलगा म्हणाला, "ती मेलेली होती, मॅडम." दुसरा म्हणाला, "परीक्षेतली बाटली कुठली, ते लिहिलेलं नसतं."

 ते म्हणत होते ते खरंच होतं. प्रश्नात 'अ गॅस' एवढंच असतं, कुठला तरी गॅस. आत काही आंबत नाही, काही जळत नाही, भांडं गळत नाही, असं कोणी लिहीत नाही. ते सगळं आपण धरून चालतो, आणि कोणी कधी आपल्याला ते धरायला शिकवलं, हे मला आठवेना. पालघरला पेपर तपासणीला गेले तेव्हा तिथल्या एका जुन्या परीक्षकांना विचारलं, मुलानं 'वेळ दिलेला नाही' लिहिलं तर काय द्यायचं? "शून्य," ते म्हणाले, आणि वडापाव खात राहिले. मी म्हटलं, पण त्याचं बरोबर असलं तर? त्यांनी पावातून डोकं वर काढून माझ्याकडे काळजीनं बघितलं.

बाकीचा वर्ग हळूहळू सुधारला. म्हणजे काय, तर मी दटावलं, गाईड आणायला लावलं, आणि त्यांनी गाईडप्रमाणे आकडे घालायला सुरुवात केली. जयवंती मात्र सुधारेना. वार्षिक परीक्षेत तिनं गॅसची सगळी गणितं सोडून दिली. इंग्रजीतून लिहिलेल्या त्या पेपरात प्रत्येक गणिताच्या जागी स्वच्छ मराठी अक्षरात एकच ओळ लिहिलेली होती, 'किती वेळ ठेवले ते दिलेले नाही.' बाकी पेपर बरा होता, पण तेवढ्यानं ती रसायनशास्त्रात नापास झाली. मी तिला बोलावून विचारलं, "अगं, सूत्र तुला येतं. आकडे घालून टाकायचे होतेस." ती म्हणाली, "खोटं लिहिल्यासारखं वाटलं."

नापास होणं इतरांना परवडतं, तिला परवडणार नव्हतं. नापास मुलीची वसतिगृहातली जागा जाते. जागा गेली की पाड्यावरून रोज तलासरीला येणं अशक्य, पावसाळ्यात तर जीपही तिच्या पाड्यापर्यंत जात नाही. म्हणजे जूनच्या फेरपरीक्षेत ही गणितं सोडवली तर नर्सिंगची वाट शिल्लक, नाहीतर शिक्षण तिथंच संपलं. आणि फेरपरीक्षेचा पेपर काढणार कोण, तर मीच.

मे महिन्यात एका दुपारी तिचे वडील आले. सोमा त्यांचं नाव. सकाळची ताडी उतरवून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बरोबर जयवंती आणि माझ्यासाठी पिशवीभर ताडगोळे. घरी ते वारलीत बोलत, माझ्याशी जमेल तेवढी मराठी करून बोलत होते.

"बाय, पोरीला काय येत नाय, तेवढा सांगा. मी घरी तिला समजावीन."

मी शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. "एक बंद भांडं आहे. आत गॅस आहे. भांडं तापवलं, तर आतला दाब किती वाढेल, एवढंच सांगायचं असतं."

सोमांनी विचार केला. "तापवायचा कशाला?"

"गणितात तापवतात."

"आणि बूच?"

"बंद."

"मग सैल करायचा ना," ते म्हणाले, आणि मुलीकडे वळले. "एवढा तुला सांगता नाय आला?"

जयवंती ओढणी तोंडावर घेऊन हसायला लागली. वर्षभरात मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते. मग मलाही हसू आवरेना. सोमा आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले, आपण बरोबर बोललो की चूक हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "वसतिगृह गेला त मी तिला उंबरगावला मावशीकडं पाठवीन, कंपनीत. कंपनी वाईट नाय. हिच्या दोघी बहिणी जातात. पण हिला सिस्टर व्हायचा हाय." मग विचारलं, "पेपर तुम्हीच काढता ना, बाय?"

"हो," मी म्हटलं.

 सोमांनी ताडगोळ्यांची पिशवी माझ्या टेबलावर सरकवली, ऊन उतरायच्या आत निघायला हवं म्हणाले, आणि गेले. त्यांनी काही मागितलं असतं तर मला रागावता आलं असतं. त्यांनी मागितलं नाही, त्यामुळे ते आठ-पंधरा दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही.

फेरपरीक्षेपर्यंत वसतिगृहात राहायची मुभा होती, म्हणून जयवंती दुपारी प्रयोगशाळेत यायची. मी तिला नायट्रोजनचं उदाहरण दिलं. "नायट्रोजन आंबत नाही, मग वेळ कशाला?" ती लगेच म्हणाली, "नायट्रोजन लिहिला असेल तर मी सोडवते." आणि सोडवून दाखवलं, अगदी बरोबर. "पण नुसतं 'अ गॅस' असलं तर मला कसं कळणार?" मी म्हटलं, तेव्हासुद्धा नायट्रोजन धर. "धरू?" ती म्हणाली. "आणि नसला तर?" अशा वेळी माझ्यातली शिक्षिका म्हणायची, ही आडमुठी आहे. आणि माझ्यातलं दुसरं कोणीतरी म्हणायचं की बाई गं, इतकी वर्षं शिकवलंस, तुला स्वतःला हा प्रश्न एकदा तरी पडला होता का?

पेपर काढायला बसले. गॅसचं गणित वगळून टाकावं असं मनात आलं. पण मग बाकीच्यांना मी काय सांगणार, आणि बारावीत, सीईटीत, तिला कोण वगळून देणार? शेवटी मी गणित ठेवलं आणि खाली दोन ओळी वाढवल्या. भांड्यात फक्त नायट्रोजन आहे, भांडं गळत नाही, आत कुठलीही क्रिया चालू नाही. माझ्या मते हे लबाडीचं नव्हतं. उलट पहिल्यांदाच मी पूर्ण प्रश्न लिहिला होता. प्राचार्यांकडे पेपर तपासायला गेला. त्यांनी बोलावलं.

"मॅडम, हा प्रश्न आहे की करारनामा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ताडी, बूच, जयवंती, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला समजतं. पण बोर्डाच्या पेपरात तिला हे असं कोण लिहून देणार आहे? आज आपण दिलं तर पुढच्या वर्षी ती तिथं अडकेल." आणि पेनानं त्या दोन ओळींवर रेघ मारली. भांडायला तोंड उघडलं, पण त्यांचंही खोटं नव्हतं. मी पेपर घेऊन बाहेर आले.

फेरपरीक्षेला मोजकीच मुलं होती, म्हणून प्रयोगशाळेतच बसवली. देखरेखीला मी. जयवंतीनं पेपर वाचला, पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आली. मी वाट बघत होते की ती हात वर करेल. तिनं विचारलं असतं तर मी काय म्हणणार ते मी ठरवून ठेवलं होतं, 'आत काही आंबत नाहीये'. एवढंच म्हणायचं. मग वाटलं, ही मदत झाली की कॉपी? मग वाटलं, शंका विचारली तर उत्तर द्यायला नको? या गोंधळात मी दोनदा तिच्या बाकापर्यंत जाऊन परत आले. तिनं हात वर केला नाही. खिडकीबाहेर थोडा वेळ बघितलं आणि लिहायला लागली.

पेपर मी घरी नेला नाही, तिथंच बसून तपासला. केल्व्हिन केलेलं, सूत्र लिहिलेलं, एन दोन्हीकडे सारखा म्हणून काटलेला, उत्तर बरोबर, एकक बरोबर, खाली रेघ. गॅसच्या एकाही गणितात एकही चूक नाही. मी पूर्ण मार्क दिले. मला फार आनंद झाला, दामूभाऊंना चहा आणायला सांगितला आणि त्यांनाही पाजला. चहा पिताना मात्र मी पुन्हा पुन्हा तो कागद उलटून बघत होते, कुठे कोपऱ्यात ती ओळ लिहिली आहे का म्हणून. कुठेच नव्हती.

निकालाच्या दिवशी ती गुणपत्रकाची झेरॉक्स घेऊन आली, वसतिगृहासाठी माझी सही हवी होती. चेहरा उजळला होता. मी सही केली आणि न राहवून विचारलं, "शेवटी पटलं ना तुला?"

"नाही, मॅडम."

"मग सोडवलंस कसं?"

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी ठरवलं की ती बाटली आपल्याकडची नाहीच. दुसऱ्या कुणाच्या तरी घरची आहे. तिथं काही आंबत नाही, काही सांडत नाही, कोणी बूच काढत नाही. परक्या घरी जेवायला बसलं की वाढतील ते खायचं. मीठ मागायचं नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला युक्ती सापडली होती आणि ती मला खूश होऊन सांगत होती.

आदर्श वायूची इतकी नेमकी व्याख्या मी कोणाकडून ऐकली नव्हती. मला तिला शाब्बास म्हणायचं होतं. पण ते घर तर माझंच होतं, मी त्यात माझं उभं आयुष्य काढलं होतं, आणि ही मुलगी वर्षभर माझ्यासमोर तिथं पाहुणी होऊन बसली होती. मला एकदम फार वाईट वाटलं. 

"मीठ मागत जा गं," मी म्हटलं.

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. "आता कशाला मॅडम," ती हसून म्हणाली, "पास झाले ना."